मास्तरांनी काकूंचा ब्लाऊज शिवला

मास्तर गेले तेव्हा माझा एक ब्लाऊज त्यांच्याकडे शिवायला होता. तो अजून शिवायचाच आहे. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचा मुलगा घर आवरत होता, तेव्हा शिलाई मशीनच्या खणात त्याला घडी घातलेलं जांभळं कापड सापडलं. ते घेऊन तो दोन जिने उतरून माझ्या दारात आला आणि म्हणाला, हे तुमचं असावं असं आई म्हणते. मग जरा घुटमळत त्याने विचारलं की बाबा तर केव्हाच रिटायर झाले होते, मग त्यांनी हे घेतलं कशाला. मी म्हटलं, "उद्या देतो म्हणाले होते." तो हसला, मग मीही हसले. वरून काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, काय झालं म्हणून विचारलं आणि कळल्यावर त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. मास्तरांच्या मागे त्या घरातलं ते पहिलं हसू होतं.

मास्तर म्हणजे लेडीज टेलर. जुन्या पनवेलच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांमागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक कपाट, एक पिवळा बल्ब आणि दाराबाहेर गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक. राहायला मात्र खांदा कॉलनीत आमच्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी देवघर दाखवलं, पाण्याच्या टाकीचा कॉक दाखवला आणि मास्तरांना दाखवलं. मास्तरांबाबत सूचना एवढीच होती की दिवाळीचा ब्लाऊज असेल तर कापड गणपतीत द्यायचं, आणि त्यांना सांगताना मात्र दसऱ्याला हवाय असं सांगायचं. मी शहाणपणा करून खरी तारीख सांगितली आणि ती दिवाळी माहेरच्या जुन्या ब्लाऊजवर काढली.

अंगाने काटकुळे, गळ्यात कायम टेप. सकाळी तलावावर फिरायला जातानाही टेप गळ्यात असायची. गंमत म्हणजे ते ती वापरत नसत. बाई समोर उभी राहिली की एकदा वरपासून खालपर्यंत बघायचे, तेवढ्यात माप झालेलं असायचं. नंतर टेप लावायचे, पण आकड्याकडे बघायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले की टेप गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असते, नुसतं बघून माप घेतलं तर बायकांना ते आवडत नाही. हे अगदीच खरं होतं.

त्यांच्याकडे कुठल्याही प्रश्नाला एक उत्तर होतं, "उद्या या." यात फसवायचा हेतू अजिबात नसायचा. म्हणताना त्यांना स्वतःला मनापासून वाटायचं की उद्या नक्की होईल. उद्या गेलं की ते आपल्याइतकेच चकित व्हायचे. पण त्यामागे एक पद्धत होती, ती मला फार उशिरा कळली. कपाटात कापडांची चळत असायची. बाकावर बसून जी बाई सगळ्यांत जास्त बोलेल तिचं कापड चळतीतून वर यायचं. शांत, समजूतदार बायकांची कापडं तळाशी जाऊन सणामागून सण बघत पडायची. "ताई, गिऱ्हाईक तापल्याशिवाय माझी कात्री उचलत नाही," असं ते मला अगदी सहज म्हणाले होते. आपल्याला सर्दी लवकर होते, हे सांगावं इतक्या सहज.

हे गुपित मासळीबाजारातल्या एका मावशीला आधीपासून माहीत होतं. पाटीतली मासळी संपली की ती थेट बोळात यायची, बाकावर दणकन बसायची आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात करायची. एकदा मी तिथेच होते. "मास्तर, पोरीची हलद झाली, लगीन झाला, आता ती बालंतपनाला आयली. तुमचा उद्या कदी उगवाचा हाय?" मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. गाणं आवडणाऱ्या माणसाला गाणं ऐकू आल्यावर होतो तसा. त्यांनी चळत बाजूला सारली, कात्री घेतली आणि मावशी बोलत असतानाच ब्लाऊज कापलासुद्धा. त्या दिवशी मावशी ब्लाऊज घेऊनच गेली आणि मी उद्या घेऊन आले.

मास्तरांना चेहरे लक्षात राहत नसत, पाठी राहत. मी जिन्यात समोरून आले की परक्या बाईला वाट द्यावी तसे बाजूला व्हायचे. दोन पायऱ्या चढून गेले की मागून हाक यायची, "अरे, ताई तुम्ही होय." भाजीबाजारात तर एकदा अनर्थच होता होता राहिला. काकूंबरोबर भाजी घ्यायला गेलेले मास्तर पुढे उभ्या असलेल्या एका बाईला मागूनच म्हणाले, "बाई, हा गळा मी कापलेला नाही. कुठे शिवलात? खांद्यावर सुरकुती पडलीय बघा." बाई वळली. ती कधीच त्यांच्याकडे आलेली नव्हती. शेजारी तिचे यजमान पिशवी धरून उभे होते आणि त्यांना पिशवी खाली ठेवायची घाई झालेली दिसत होती. काकू मध्ये पडल्या. "मनावर घेऊ नका, ते टेलर आहेत," असं त्या अशा सुरात म्हणाल्या की ऐकणाऱ्याला वाटावं माणूस डोळ्यांनी अधू आहे. यजमान शांत झाले. पुढच्या आठवड्यात ती बाई कापड घेऊन बोळात हजर होती, कारण सुरकुती खरोखरच पडत होती.

चुका त्यांच्याही व्हायच्या, पण त्या त्यांच्या आहेत असं त्यांना वाटत नसे. सासूबाईंचा आणि समोरच्या विंगमधल्या एका बाईंचा ब्लाऊज त्यांनी एकदा उलटसुलट शिवला. करड्या कापडात सासूबाईंचं माप आणि सासूबाईंच्या मोरपंखी कापडात त्या बाईंचं. दोघी तावातावाने गेल्या. मास्तरांनी दोघींना ते ब्लाऊज घालून उभं केलं, लांबून पाहिलं आणि सांगितलं की रंग तर उलट जास्त शोभताहेत, साड्या बदलून घ्या. आणि या दोघी कर्तबगार बायकांनी खरंच साड्या बदलून घेतल्या. सासूबाईंनी ती करडी साडी शेवटपर्यंत वापरली आणि तिच्याबद्दल कुरकुरही शेवटपर्यंत केली.

त्यांच्या शिवणीत आणखी एक खोड होती. आत मार्जिन इतकं ठेवायचे की ब्लाऊजमध्ये आणखी अर्धा ब्लाऊज दडलेला असायचा. दोन्ही बगलांना एक शिलाई आतली आणि एक बाहेरची. आतली उसवली की ब्लाऊज तेवढा वाढणार. नवी नवरी असताना मी सडपातळ होते, हे आता कुणाला पटणार नाही. पहिला ब्लाऊज हातात आला तेव्हा बगलेतलं ते जाड कापड बघून मी विचारलं की एवढं कशाला. तर म्हणाले, "बाई वाढते, कापड वाढत नाही. वर्षभराने या, उसवून देतो." मला इतका राग आला की पुढचा ब्लाऊज मी दुसरीकडे टाकला. वर्षभराने अर्थातच गेले. त्यांनी मागचं काही काढलं नाही, नुसती कात्रीच्या टोकाने आतली शिलाई उचलली.

माझ्या मुलाच्या शाळेचा शर्टही त्यांनी याच तत्त्वावर शिवला होता. तो शर्ट मुलाबरोबर कितीतरी इयत्ता पास होत गेला. मास्तर कामात चालढकल करणारे, पण मुलाचा युनिफॉर्म कधी उशिरा झाला नाही. कारण उशीर झाला तर शाळेतल्या बाई चिठ्ठी पाठवायच्या, म्हणजे गिऱ्हाईक तापलेलं असायचं. घरात काकूही तापायच्या, पण त्या पडल्या घरच्या. घरच्या माणसाच्या रागाला कात्री उचलत नसे.

आणि म्हणून, अख्ख्या पनवेलला ब्लाऊज शिवून देणाऱ्या या माणसाची बायको जन्मभर रेडिमेड ब्लाऊज घालायची.

काकू गोऱ्या, ठेंगण्या आणि भरपूर. बोलणं हळू, पण नेमकं लागणारं. त्यांचं एक वाक्य बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ होतं. "सगळ्या गावाच्या अंगावर ह्यांची शिलाई, आणि माझ्या अंगावर रेडिमेड." दरवर्षी संक्रांतीला त्या एक कापड मास्तरांच्या चळतीत ठेवायच्या आणि पुढच्या संक्रांतीला ते काढून मोलकरणीला द्यायच्या. हे भांडण असं नव्हतं. घरातल्या एखाद्या सणासारखं ते पाळलं जायचं. पण वरून त्या कितीही हसल्या तरी आत त्यांना ते लागलेलं होतं. हळदीकुंकवाला बायका एकमेकींच्या बाह्या बघून "मास्तरांकडचा का?" असं विचारायच्या तेव्हा काकू पदर खांद्यावरून ओढून घ्यायच्या. हे मी कितीदा पाहिलंय.

याला अपवाद फक्त एका ब्लाऊजचा, लग्नातल्या. त्याची गोष्ट मास्तर कुणालाही, कुठेही सांगायचे. ते मुलगी बघायला गेले तेव्हा बाकीच्यांनी पोहे खाल्ले, मामांनी पत्रिका बघितली आणि मास्तरांनी माप घेतलं. मुलगी पोह्यांची ताटली ठेवून आत वळली, तेवढाच वेळ मिळाला. तेवढ्यावर घरी येऊन त्यांनी शालूवरचा हिरवा ब्लाऊज शिवला आणि लग्नाआधी मुलीकडे पाठवला. तो जराही इकडेतिकडे न होता बसला. "टेपला हात लावला नाही," हे गोष्टीचं शेवटचं वाक्य. ते आलं की काकू आत निघून जायच्या. मागून मास्तर म्हणायचे, "बघा, अशीच वळली होती."

मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांच्या मुलाने दुकान बंद करा म्हणून धरणं धरलं. मास्तरांनी रिटायर व्हायचं कबूल केलं, पण उद्यापासून. तो उद्या यायला तीन वर्षं लागली. शेवटी दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला दिलं. ही बातमी फुटली त्या दिवशी बोळात बायकांची झुंबड उडाली. ज्या कापडांचा नाद कधीच सोडलेला होता ती परत मिळत होती. एका बाईंना स्वतःच्या लग्नात शिवायला दिलेलं कापड मुलीच्या लग्नात परत मिळालं. मशीन घरी आलं, टीव्हीखाली बसलं, त्यावर काकूंनी विणलेलं झाकण घातलं. बाकही आला. तो बाल्कनीत ठेवला आणि मास्तर त्यावर बसू लागले. गिऱ्हाइकाच्या बाजूला बसलेले मास्तर बघवत नसत. समोर कुणी रागावलेलं नाही, काही राहिलेलं नाही, कुणाला उद्या सांगायचं नाही. माणूस महिनाभरात निम्मा झाला. मी सहज वर गेले की विचारायचे, काही शिवायचं होतं का. म्हणूनच मी अधूनमधून एखादं कापड त्यांच्याकडे देऊन ठेवत असे.

मग त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पुरी व्हायची वेळ आली. मुलाचा फ्लॅट उलव्याला, चौदाव्या मजल्यावर. तिथून विमानतळाचं काम आणि बाकी सगळी धूळ दिसते. त्याने तिथल्याच एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला. हार, केक, जेवण, नातेवाईक, सगळं. काकूंनी ऐकून घेतलं, कपाटातून लग्नातला शालू काढला आणि मुलाच्या, सुनेच्या आणि माझ्यासमोर मास्तरांना सांगितलं. "यावर ब्लाऊज तुम्ही शिवायचा. तुम्ही शिवलेला नसेल तर मी हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. केक तुम्ही एकटे कापा." लग्नातला ब्लाऊज कधीच विरून गेला होता. हिरवं रेशमी कापड काकूंनी स्वतः बाजारातून आणलं.

मास्तर म्हणाले, "उद्या."

सुरुवातीला आम्ही हसलो. पुढे दिवस जायला लागले तसं हसू कमी झालं. मुलगा रोज फोन करून ब्लाऊजचं विचारायचा, कारण पत्रिका वाटून झाल्या होत्या. मास्तरांचा दोष म्हणावा तर नव्हता. ते सकाळी मशीनवरचं झाकण काढायचे, हिरवं कापड मांडीवर घ्यायचे, त्यावरून हात फिरवायचे आणि दुपारपर्यंत तसेच बसून राहायचे. मग झाकण घालायचे. मी काकूंना म्हटलं, नवीन पनवेलला एक बुटीक आहे, दोन दिवसांत शिवून देतात, मास्तरांनीच शिवला असं सांगू. काकू एवढंच म्हणाल्या, "पाठ बघून ओळखतील." काकू खरोखर जाणार नाहीत हे मला तेव्हा कळलं, आणि मला भीती वाटायला लागली.

बाकाची कल्पना काकूंचीच. त्या म्हणाल्या, ह्यांना गिऱ्हाईक लागतं, मग गिऱ्हाईक आणू. दुसऱ्या दिवशी दुपारी बिल्डिंगमधल्या आम्ही चौघीजणी बाल्कनीतल्या बाकावर दाटीवाटीने बसलो आणि ठरल्याप्रमाणे मास्तरांवर रागवायला लागलो. मी ऑफिसात लोकांवर ओरडण्यात वाकबगार आहे, पण तिथे माझ्याच्याने होईना. "मास्तर, किती उशीर करता हो," एवढं म्हणून मी थांबले. एकीने "हे काही बरं नाही," असं म्हटलं आणि लगेच त्यांच्या डोळ्यांची चौकशी केली. मास्तरांना आमचा पाहुणचार करायचा आनंद झाला. त्यांनी स्वतः उठून चहा टाकला. आम्ही चहा पिऊन, खारी खाऊन घरी आलो. जाताना ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हा लोकांचं कापड तळाशी का जायचं, कळलं ना?"

तेव्हा काकू मासळीबाजारात गेल्या. मावशी आता थकली होती, पण आवाज थकला नव्हता. तिने सगळं ऐकून घेतलं, सुनेला पाटीवर बसवलं आणि रिक्षाने काकूंबरोबर आली. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली. बाकावर बसली, पाणी प्याली, पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मास्तर, आमी परके म्हनून आमची कापडा उशिरा का होईना दिलीत. आनि ही बाय पन्नास वरसा तुमच्या दारान बसलेय, हिचा बिलौज नाय? लाज हाय का नाय तुमाला?"

चेष्टेतलं बोलणं नव्हतं ते. मावशीला खरोखरच राग आला होता आणि बोलताना तो वाढतच गेला. खालच्या मजल्यांवरची दारं उघडली. मास्तर आधी गोंधळले, मग ताठ बसले, आणि मग मी कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना उजेड पाहिला. "उद्या," ते म्हणाले. "आज," मावशी म्हणाली. मास्तरांनी कात्री मागितली.

काकू पटकन पुढे झाल्या, मापासाठी दोन्ही हात जरा वर करून उभ्या राहिल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "बस खाली. माप आहे माझ्याकडे." काकूंनी टेप त्यांच्या गळ्यातून काढून हातात दिली, तर त्यांनी ती परत गळ्यात अडकवली. "एकदा घेतलंय ना, पोह्यांच्या वेळी," असं म्हणून त्यांनी कापडावर खडू ओढला. मी आणि काकूंनी एकमेकींकडे बघितलं. पोह्यांची ताटली ठेवून वळलेली मुलगी आणि समोर उभ्या असलेल्या काकू यांच्यात पन्नास वर्षांची पुरणपोळी होती. हे सांगणार कोण? मावशी खूश होऊन गेली. काकू रात्री मला म्हणाल्या की कापला हेच पुष्कळ झालं, आता तो अंगात शिरला नाही तरी बोलायची सोय नाही.

कार्यक्रमाच्या सकाळपर्यंत मास्तरांनी ब्लाऊज दाखवला नाही. हूक लावायचे राहिलेत, बाहीची शिवण राहिलीय, असं करत शेवटी हॉलवर पोचल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा त्यांनी काकूंच्या हातात दिला. बोळात गिऱ्हाइकाला द्यायचे तसाच. आणि बाहेर पुरुषमंडळींत जाऊन बसले.

नवरीच्या खोलीत काकू आणि मी. बाहेर माइकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. पुडा सोडला तर ब्लाऊज देखणा होता, पण मला पहिल्यांदा दिसला तो बगलेतला दोरा. हिरव्यागार रेशमावर आतून राणी रंगाचा दोरा. ऑपरेशननंतर मास्तरांना रंग कळत नाहीत हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, असं वाटलं. काकूंनीही तो बघितला. बाह्यांत हात घातले. जेमतेम गेले. हूक लावायला गेले तर दोन कडांमध्ये चांगलं चार बोटं अंतर. मी ओढून बघितलं, काकूंनी श्वास रोखून बघितला. नाहीच.

काकू खुर्चीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अजून तीच दिसते मी ह्यांना," त्या म्हणाल्या. राग होता, वाईटही वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं सुखही होतं त्यात. दारावर सून थाप मारत होती, सगळे खोळंबलेत म्हणून.

मी म्हटलं, काढा, आत मार्जिन किती आहे बघू. ब्लाऊज उलटा केला. बगलेत तो राणी रंगाचा दोरा, आणि त्याला एक लांब टोक सोडलेलं. मास्तर दोऱ्याची टोकं कधी सोडत नसत. मी ते टोक धरलं आणि ओढलं, तर अख्खी शिलाई सरसर निघून हातात आली. कच्चा धावदोरा होता तो. त्याच्या पलीकडे, एक बोट अंतर सोडून, हिरव्या दोऱ्याची पक्की, बारीक शिलाई आधीच घालून ठेवलेली होती. दुसऱ्या बगलेतही तसंच. बाह्यांतही तसंच. राणी रंग आमच्यासाठी होता, घाईत दिसावा म्हणून.

सगळे कच्चे दोरे काढले आणि काकूंनी ब्लाऊज पुन्हा घातला. हूक आपोआप लागल्यासारखे लागले. खांद्यावर सुरकुती नाही, बाहीला चुणी नाही. आजच्या काकूंचं माप, टेप न लावता घेतलेलं. मी पर्समध्ये रुमाल शोधायचं नाटक करत राहिले. काकू आरशात पाठ बघायला वळल्या, मान मागे करून बराच वेळ बघत राहिल्या. "सगळं ठाऊक होतं मेलं," त्या कुणाला तरी म्हणाल्या. मग गुलाबी दोऱ्यांची गुंडी करून त्यांनी ती कमरेला खोचली.

स्टेजवर मास्तरांनी माइक कुणाच्या हातात राहू दिला नाही. मुलगी बघायला गेल्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पोहे, मामा, पत्रिका, सगळं. आणि मग शालू नेसलेल्या काकूंकडे हात करून सगळ्या उलव्याला सांगितलं की पन्नास वर्षांत एका सुताचा फरक नाही, त्याच मापावर शिवलाय, टेपला हात लावला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेली मावशी काकूंच्या अंगाकडे आणि मास्तरांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती, पण तीसुद्धा गप्प बसली. काकूंनी मान डोलावून सगळं खरं असल्याचं सांगितलं. त्या दिवशी त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला नव्हता.

केक कापायला दोघं वाकली तेव्हा मी सुरी पुसून द्यायला शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं. काकू त्यांच्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "आत कच्चा दोरा तसाच राहिला होता."

मास्तरांनीही त्यांच्याकडे बघितलं नाही. केकवर सुरी ठेवत ते म्हणाले, "उद्या काढून देतो."